न विचारणारं घर

तिला सगळे कात्री म्हणतात. एक तर जन्मभर लोकांचे केस कापले, आणि दुसरं म्हणजे तिची जीभ. यातलं खरं कारण कोणतं असं एका नव्या माणसाने विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "खुर्चीवर बस, मान खाली घाल, दोन्ही दाखवते."

पण त्याच माणसाच्या मागे उभं राहण्याआधी तिने त्याला सगळं सांगितलं. "आता मी मागे येतेय. आरशात दिसतेय ना? डाव्या कानाजवळ मशीन लावणार. मानेला बोटं लागतील. नको वाटलं तर नुसता हात वर कर, कारण सांगत बसायचं नाही." ही खुर्ची ज्या घरात आहे तिथे येणाऱ्या निम्म्या लोकांना पाठीमागे कुणी उभं राहिलेलं सोसत नाही. त्यांच्या आयुष्यात पाठीमागून जे जे आलं ते कधी भलं नव्हतंच.

घर म्हणजे एका दातांच्या डॉक्टरचा जुना दवाखाना. प्रत्येक खोलीत एक बिनकामाचं बेसिन, आणि भिंतींना लवंगेच्या तेलाचा वास, तो तीनदा रंग देऊनही गेला नाही. दारू आणि बाकीच्या नशा सोडू पाहणारी माणसं इथे दिवसभर येऊन बसतात. डॉक्टरीणबाई आठवड्यातून एकदा येतात, औषधं बघतात, जातात. बाकीचं काम ज्यांनी स्वतः सोडली आहे तेच करतात. सोडणाऱ्याच्या शेजारी सोडलेला माणूस बसतो, त्याला तिथे सोबती म्हणतात. हे घर कात्रीने आणि ड्रायव्हरने मिळून काढलं.

ड्रायव्हर म्हणजे पूर्वी ट्रक चालवणारा, आडव्या अंगाचा, चेष्टेखोर माणूस. दोघांची ओळख सरकारी इस्पितळातल्या वॉर्डात झाली. दोघांचेही हात इतके थरथरत होते की चहाचा कप धरायला एकमेकांची मदत घ्यावी लागली, आणि त्यातला अर्धा चहा चादरीवर सांडला. नर्स ओरडली. ड्रायव्हर म्हणाला, "सिस्टर, हिला बोला, माझे हात तर स्थिर आहेत, पलंगच हलतोय." कात्री त्या महिन्यात पहिल्यांदा हसली.

तिचं आधीचं आयुष्य थोडक्यात सांगण्यासारखं आहे, कारण ती स्वतः ते थोडक्यातच सांगते. बाप वेणी धरून जिन्यावरून ओढत न्यायचा. आई स्वयंपाकघरात तोंडात मिठाची गुळणी धरून उभी असायची. पुढे ती केस कापायला शिकली. हे ऐकून एकदा एक भावुक पाहुण्या बाई डोळे पुसत म्हणाल्या, "म्हणूनच तुम्ही केसांच्या कामाकडे वळलात का हो?" कात्री म्हणाली, "नाही. सलून गल्लीत होतं आणि टायपिंगचा क्लास लांब होता."

सलूनमध्येच पिणं सुरू झालं. शाम्पूच्या रिकाम्या बाटलीत दारू भरून ती कंगव्यांच्या मागे ठेवायची. गिऱ्हाइकांना कळायचं. मालकिणीला कळायचं. नवरा आधीच निघून गेला होता, आणि लेक शाळेतून आल्यावर आईचा श्वास हुंगून मग दप्तर खाली ठेवायची. एक दिवस मावशी आली आणि लेकीला तिच्या गणवेशासकट घेऊन गेली. कात्रीने अडवलं नाही. अडवण्याइतकी ती त्या दिवशी उभीच नव्हती.

ड्रायव्हरची गोष्ट वेगळी आणि तीच. आईबाप दिवसभर कामावर, घरात थोरला भाऊ मालक. शिस्त लावायची म्हणून तो धाकट्याला अडगळीच्या खोलीत कोंडून बाहेरून कडी घालायचा आणि खेळायला जायचा. कधी आठवण राहायची, कधी राहायची नाही. म्हणून दवाखान्याची जागा ताब्यात आली त्या दिवशी ड्रायव्हरने सामान लावायच्या आधी स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि एकूणएक दाराच्या कड्या काढून टाकल्या. संडासालाही कडी ठेवली नाही. बाहेर एक पाटी, आत गेलं की उलटी करायची. त्यावरून संस्थेच्या कमिटीत एवढं रण माजलं की त्यापुढे घराची घटना लिहिणं सोपं गेलं.

बाकीचे रिवाजही असेच भोगातून आलेले. कुणी रडायला लागलं तर रुमाल पुढे करायचा नाही. रुमाल दिला की माणसाला वाटतं, आता पुरे झालं, आवरा. पाठीवर हात ठेवायचा नाही, ठेवायचा तर आधी विचारून. आणि सगळ्यांत मोठा रिवाज कात्रीचा स्वतःचा होता: खोदून विचारायचं नाही. वॉर्डात एका तरुण डॉक्टरने सात-आठ विद्यार्थ्यांच्या देखत तिला सगळं विचारलं होतं. बाप कुठे धरायचा, नवरा का गेला, मुलगी कुठे आहे. तिने उत्तरं दिली आणि ती दिल्यावर अंगावर कपडे नसल्यासारखी पडून राहिली. तेव्हाच तिने ठरवलं की आपल्या हाती काही आलं तर तिथे कुणी कुणाला असं सोलणार नाही. माणूस स्वतःहून बोलेपर्यंत थांबायचं. "तुला हवं तेव्हा बोल" हे वाक्य त्या घरात इतकं चाललं की बिस्किटं संपली तरी लोक म्हणायचे, "हवं तेव्हा बोल."

घर चालत होतं, नावारूपाला आलं होतं. आणि मग ड्रायव्हरच्या थोरल्या भावाला इस्पितळात ठेवलं.

तोच तो भाऊ. बायको-मुलं परदेशी, जवळ दुसरं कुणी नाही. ड्रायव्हरने बैठकीत सांगितलं, "संध्याकाळी मी त्याच्याकडे थांबणार. रक्ताचं आहे, काय करता." सगळ्यांनी माना हलवल्या. कात्री म्हणाली, "तुला हवं तेव्हा बोल." तो म्हणाला, "बोलेन की."

तो बोलला नाही. उलट आणखी चांगला वागायला लागला, आणि तिथेच पाणी मुरत होतं. घरात एक नवा सोबती होता, त्याला सगळे रेडिओ म्हणायचे. नळदुरुस्तीचं काम करणारा, मनाने निर्मळ, पण तोंडाला बूच नाही. ड्रायव्हर त्याला रोज म्हणायचा, "अरे, आवाज कमी कर, शेजारचं स्टेशन ऐकू येईना." ते म्हणणं बंद झालं. रेडिओ तासभर बोलला तरी ड्रायव्हर शांत बसून हसायचा. रेडिओलाच काळजी वाटली. "ताई," तो कात्रीला म्हणाला, "उस्तादांनी आज मला शिवी दिली नाही. माझं काही चुकलं का?"

मग एका सकाळी ड्रायव्हरने संस्थेच्या व्हॅनची चावी टेबलावर ठेवली. "काही दिवस रेडिओ चालवेल. माझी कंबर धरलीय."

त्याची कंबर वीस वर्षं धरलेलीच होती. ती घेऊनच त्याने घाट उतरले होते. पण एक गोष्ट त्याने पिण्याच्या दिवसांतही पाळली होती आणि अभिमानाने सांगायचा: पोटात घोट गेलेला असेल तर चाकाला हात लावायचा नाही. नोकरी गेली ती त्यामुळेच. दारूमुळे नव्हे, गाडी चालवायला नकार दिल्यामुळे. हे कात्रीला माहीत होतं. चावी टेबलावर टेकल्याचा आवाज झाला त्या क्षणी तिला सगळं कळलं.

आणि ती म्हणाली, "बरं. काळजी घे."

आता एवढी फटकळ बाई, समोरच्याच्या तोंडावर "तुझा भांग वाकडा आणि बुद्धीही" म्हणणारी, ती इथे गप्प का बसली? तिने मनाला सांगितलं, रिवाज आहे. त्याला जागा द्यायला हवी. घरातल्या प्रत्येकाने मनाला हेच सांगितलं. सगळे आदराने बाजूला सरकत गेले, आणि ड्रायव्हरच्या भोवती एवढी जागा झाली की हाक मारली तर पोचू नये. भाऊ वारला. सगळे जाऊन आले, त्याच्या शेजारी विचारून बसले, न विचारता उठले. त्यानंतर ड्रायव्हर या घरात यायचाच बंद झाला.

रविवारी लेक आली. ती आता अग्निशमन दलाच्या फोनवर बसते, आग लागली की लोक तिला सांगतात. मायलेकींचं बरं चाललं होतं, म्हणजे भांडणं व्हायची. चहा होईपर्यंत कात्रीने ड्रायव्हरचं सगळं सांगितलं.

"मग तू विचारलंस का त्याला?" लेक म्हणाली.

"असं विचारायचं नसतं. त्याला वाटेल तेव्हा..."

"आई, त्याने चावी दिली ना?"

"दिली."

"अजून काय करायला हवं होतं त्याने? धूर काढायचा?" लेकीने कप ठेवला. "आमच्याकडे फोन आला की आम्ही विचारतो, कुठे लागलीय, आत कोण आहे. तुम्ही विचाराल, आगीविषयी बोलायला तुम्हाला आवडेल का?"

"उगाच जीभ चालवू नकोस."

"ती कुणाकडून आली?"

मग लेक खिडकीकडे बघत म्हणाली, "शाळेत सगळ्यांना माहीत होतं तुझं. बाईंना, शेजारच्यांना, मावशीला. सगळे माझ्याशी इतके गोड वागायचे. कुणी एकाने विचारलं नाही की घरी काय चाललंय. अळीमिळी गुपचिळी. मला वाटायचं, हे फक्त मलाच दिसतंय, म्हणजे माझ्याच डोक्यात काहीतरी बिघाड आहे."

हे ती पहिल्यांदाच बोलली होती. कात्रीला माफी मागावीशी वाटली, पण लेकीने हात वर केला. "ते नको आत्ता. तू जा त्याच्याकडे. कप मी विसळते."

ड्रायव्हर एका सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत राहायचा. दुपारची वेळ, खाली दुकानदार एका चाकाची हवा बघत होता. कात्री जिना चढली. दार सताड उघडं, त्याच्या खोलीला कधीच कडी नव्हती. तो पलंगाच्या कडेला बसला होता, दाढी वाढलेली, शर्ट मात्र इस्त्रीचा.

"आत येऊ का?" ती सवयीने म्हणाली.

"ये, का अर्ज भरून देऊ?"

ती आत आली. खुर्ची कुठे ठेवू हेही विचारायला तिचं तोंड उघडलं होतं, ते तिने मिटलं. खुर्ची ओढली, त्याच्या समोर बसली.

"पितोयस?"

"हो."

खाली चाकातली हवा सुटल्याचा आवाज आला. ड्रायव्हरने लांब श्वास सोडला. "किती वेळ लावलास गं विचारायला!"

"कधीपासून?"

"तो गेल्यावर असं वाटतंय ना सगळ्यांना? नाही. आधीपासून. एकदा मी त्याला विचारलं, तू मला त्या खोलीत कोंडायचास, आठवतं का. तर म्हणाला, कोणती खोली? खोटं नव्हता बोलत. खरंच आठवत नव्हतं त्याला." तो हसला, पण ते हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "मी चाळीस वर्षं त्या खोलीतून बाहेर पडतोय आणि याला खोलीच आठवत नाही. मग संध्याकाळ झाली की म्हणायचा, दार लावून घे, मला उघड्या दाराची भीती वाटते. मी रोज दार लावायचो आणि त्याच्याजवळ आत बसायचो. कडी घालून. तो झोपला की बाहेर पडून सरळ दारूच्या दुकानात."

रुमाल होता कात्रीच्या पिशवीत, तो तिने पिशवीतच ठेवला.

"चावी दिली तेव्हाच कळलं ना तुला?" त्याने विचारलं.

"कळलं."

"मग?"

"भ्याले."

"तू? कशाला?"

"तू पडलास तर मी कशावर उभी आहे, असं वाटलं. न विचारता राहिलं की तू उभाच आहेस असं धरून चालता येतं."

"म्हणजे मी खांब," ड्रायव्हर म्हणाला. "बरोबर आहे. खांबाला कोण विचारतं, बाबा, बरा आहेस का. त्याला फक्त टेकायचं."

"टोमणे मारतोयस म्हणजे जिवंत आहेस," कात्री म्हणाली. "आता ऐक. उद्या वॉर्डात जायचं. एकदम बंद केलीस तर झटके येतील, ते मी सांगायला नको. डॉक्टरीणबाईंशी मी बोलते. रोज येईन, शेजारी बसेन."

"तू नको."

तिला आधी नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं.

"सोबती म्हणून तू नको," तो म्हणाला. "रेडिओ दे मला."

"रेडिओ! त्याला सोडून वर्ष नाही झालं. त्याला स्वतःचं नाक पुसता येत नाही, तो तुला सांभाळणार?"

"त्याने मला सांभाळायचं नाहीये. तो बोलत राहील, मला ऐकत पडता येईल. तुझ्यासमोर मी ड्रायव्हरच असणार गं. मी पडलो की तुझं काय होईल हे बघत बसणार. मला आत्ता कुणाचं काही बघायचं नाही."

हे तिला झोंबलं. वॉर्डातल्या त्या सांडलेल्या चहापासूनची सोबत, आणि आता नळवाला. घरी येणाऱ्या प्रत्येकाला तिने मोठ्या तोंडाने सांगितलं होतं, सोबती कोण हवा ते ज्याचं त्याने ठरवायचं, इथे कुणी रुसायचं नाही. सांगायला काय लागतं! तिने फोन काढला आणि रेडिओला लावला. रेडिओने फोन उचलून तीन वाक्यं बोलून टाकली, त्यानंतर तिला बोलता आलं. ऐकल्यावर मात्र तो गप्प झाला, आणि म्हणाला, "ताई, मी? बरं. येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी कमिटीची बैठक झाली. संस्थेचे चिटणीस, निवृत्त बँकवाले गृहस्थ, म्हणाले की प्रकृतीच्या कारणाने रजा असं जाहीर करावं. देणगीदार आहेत, बाहेर बातमी गेली तर अंगाशी येईल. "झाकली मूठ सव्वा लाखाची," असंही म्हणाले.

"मूठ झाकूनच तर तो तिथे पोचला," कात्री म्हणाली. "त्याने मला सांगितलंय काय सांगायचं ते. तेच सांगणार, एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही."

दुपारच्या बैठकीत तिने उभं राहून सांगितलं, "ड्रायव्हर परत प्यायला. आज वॉर्डात गेला. त्याने सांगायला सांगितलंय. आणि आपल्या सगळ्यांना दिसत होतं, मला सगळ्यांत आधी. मी विचारलं नाही." कोपऱ्यातल्या एका बाईने रडायला सुरुवात केली. एकजण उठून बाहेर गेला आणि त्या दिवशी परत आला नाही. कुणीतरी म्हणालं, तोच पडला तर आमचं काय.

पण नव्याने दीक्षा घेतलेल्याचा उत्साह वाईट. पुढच्या दिवसांत कात्रीने सगळ्यांना विचारत सुटण्याचा सपाटा लावला. प्यायलास का? घरी मारतो का तो? झोपलीस का? एक पोरगी, जिने आजवर घरात नावही सांगितलं नव्हतं, ती उलटून म्हणाली, "तुम्ही पण पोलिसच का?" आणि चपला घालायलाही न थांबता निघाली. कात्री तिच्या मागे धावली नाही, धावायचं नसतं. चपला मात्र तिने दाराशी नीट लावून ठेवल्या. पोरगी दोन दिवसांनी त्या न्यायला आली, तासभर बसली, आणि जाताना म्हणाली, "एकदा विचारलं असतंत तर सांगितलं असतं. तुम्ही चारदा विचारलंत."

भेटीची परवानगी मिळाली तेव्हा कात्री वॉर्डात गेली. भेटायची खोली लांबट, भिंतीला लावलेली प्लास्टिकची बाकं, खिडकीत कुणीतरी विसरलेला चष्मा. ड्रायव्हर वाळला होता, हात मांडीखाली दाबून बसला होता. रेडिओ पलीकडे दुसऱ्याच कुणा पेशंटच्या बापाला नळाच्या वॉशरविषयी समजावत होता.

"काय म्हणतोय तुझा सोबती?" कात्रीने विचारलं. तिने कितीही साधेपणाने म्हटलं तरी त्यात 'तुझा' शब्द जरा टोचरा झालाच.

"मला आता बंब बसवता येईल," ड्रायव्हर म्हणाला. "रात्रभर झटके येत होते तेव्हा तो पाइपांचे प्रकार सांगत होता. अर्धा इंची, पाऊण इंची. त्याच्या जोरावर सकाळ झाली." मग मान तिरकी करून, "तू म्हणे सगळ्यांच्या चौकशा लावल्यास."

"त्या भोंग्याने सांगितलं?"

"त्याच्या पोटात काय राहतं? बघ कात्री, केस कापतेस तसं कर ना. आधी सांगायचं, मी विचारणार आहे. मग एकदाच विचारायचं. समोर येऊन. मागून नाही."

"मला केस कापायला शिकवतोस?"

"कुणीतरी शिकवायला हवं होतं. हा भांग बघ माझा, तुझीच करणी."

ती हसली. मग ती बाकावर सरळ बसली. ज्याच्यासाठी ती आली होती, ते बऱ्याच दिवसांपासून मनात असलेलं बोलणं राहिलंच होतं. घर दोघांनी काढलेलं. आता सकाळची बैठक ती घेते, दुपारचीही तीच, कमिटीशी भांडते, व्हॅनचा टायर बदलून घेते, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर तोंडातून शब्द फुटत नाही इतकी दमते. हे चालेल. किती चालेल, ते या माणसाच्या उत्तरावर होतं.

"मी एक विचारणार आहे," ती म्हणाली. "काम सांभाळायला परत येशील का?"

ड्रायव्हरने मांडीखालचे हात काढले आणि त्यांच्याकडे बघितलं. पलीकडे रेडिओ वॉशर कसा बसवायचा ते बोटांनी दाखवत होता.

"माहीत नाही," तो म्हणाला. "बैठकीला येईन. समोर बसेन. चालवायला येईन की नाही, खरंच माहीत नाही."

पूर्वीची कात्री म्हणाली असती, तुला हवं तेव्हा बोल. मधल्या दिवसांतल्या कात्रीने परत विचारलं असतं. तिने मान हलवली, उठली, पिशवी खांद्याला लावली, आणि खाली उतरून बसथांब्यावरूनच चिटणिसांना फोन लावला. "दुपारच्या बैठकीला दुसरं माणूस बघायला लागा," ती म्हणाली. "नाही, रजा नाही. जागा रिकामी आहे. हो, सगळ्यांना सांगा."